ट्रान्स मुलांच्या चॅरिटीचं ट्रस्टीपद: होकार देण्याआधी काय तपासाल?

तुमचा प्रश्न मी असा वाचतो. तुम्ही इंग्लंडमध्ये आयटीत आहात. ट्रान्स किशोरवयीन मुला-मुलींना आधार देणाऱ्या एका छोट्या चॅरिटीने ट्रस्टी व्हाल का म्हणून विचारलंय, आणि घरात सूर आहे की 'मर्मेड्सचं काय झालं ते वाचलंस ना, कशाला त्या भानगडीत पडतोस?' तुम्हाला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: तिथे नक्की काय चुकलं, आणि होकार देण्याआधी काय बघायचं. ब्रिटनमधल्या स्वयंसेवी संस्थांची बालसुरक्षेची व्यवस्था, म्हणजे इथल्या भाषेत सेफगार्डिंग, तपासणं हे माझं काम आहे. त्यावरून लिहितो.

आधी एक गोंधळ दूर करू. या वादात 'सेफगार्डिंग' हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. काही लोक म्हणतात, वयात येणाऱ्या गोंधळलेल्या मुलाला कुणी घाईने एका वाटेला लावू नये. दुसरे म्हणतात, घरी मार खाणाऱ्या आणि शाळेत छळ सोसणाऱ्या ट्रान्स मुलाला बोलायला एक तरी विश्वासाचं माणूस हवं. दोन्ही काळज्या खऱ्या आहेत. कधीकधी एकाच मुलाच्या बाबतीत दोन्ही एकदम लागू असतात. पण ट्रस्टी म्हणून तुमच्या टेबलावर येणारा प्रश्न बराच रुक्ष असतो: या मुलाबद्दल त्या दिवशी कोणी, काय माहिती हातात असताना, काय ठरवलं, आणि ते कुठे लिहून ठेवलंय?

मर्मेड्स ही ट्रान्स मुलांना आधार देणारी ब्रिटिश चॅरिटी. तिचा घटनाक्रम थोडक्यात. 1995 साली काही पालकांनी मिळून ही संस्था सुरू केली. पालकांच्या आधारगटाचं पुढे हेल्पलाइन, मुलांसाठी ऑनलाइन फोरम आणि शाळांचं प्रशिक्षण असं मोठं काम झालं. सप्टेंबर 2022 मध्ये बातमी आली की आपण 14 वर्षांचे आहोत आणि आईचा विरोध आहे असं सांगणाऱ्या व्यक्तीला संस्थेने छातीचा बाइंडर, म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा, पाठवायची तयारी दाखवली. पुढच्याच महिन्यात एका ट्रस्टीने राजीनामा दिला. लहान मुलांविषयी लैंगिक आकर्षण असलेल्या लोकांना आधार द्यावा अशी भूमिका घेणाऱ्या एका संघटनेच्या परिषदेत त्याने 2011 साली भाषण केल्याचं उघड झालं होतं. नोव्हेंबरमध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी गेल्या. डिसेंबरच्या सुरुवातीला चॅरिटी कमिशनने, म्हणजे चॅरिटींवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, वैधानिक चौकशी जाहीर केली, आणि तिचा अहवाल यायला ऑक्टोबर 2024 उजाडला.

अहवाल काय म्हणतो? कारभारात काही बाबतींत गैरव्यवस्थापन होतं, गैरवर्तन नव्हतं. सुरक्षेबद्दलचे सर्वांत गंभीर आरोप सिद्ध झाले नाहीत. संस्था वैद्यकीय सल्ला देत होती याचा पुरावा मिळाला नाही. पण ट्रस्टी नेमताना केलेली चौकशी अपुरी होती, आणि संस्था ज्या वेगाने वाढली त्या वेगाने कारभाराची घडी बसली नव्हती. मग दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचं वाक्य उचललं आणि भांडण पुढे चालू ठेवलं. तुम्हाला उपयोगाचा आहे तो कुणीच न उचललेला भाग: नेमणूक, कागदपत्रं, वाढीचा वेग.

नेमणुकीपासून सुरुवात करू. बहुतेक संस्था सांगतात, 'आमच्या सगळ्यांचं एनहान्स्ड डीबीएस झालंय.' ही सरकारी पार्श्वभूमी तपासणी, आणि ती झालेली असावीच. पण डीबीएसमध्ये गुन्ह्यांची नोंद दिसते, पोलिसांकडची संबंधित माहिती दिसते, आणि मुलांबरोबर थेट काम असेल तर बंदी यादी तपासली जाते. माणसाने दहा वर्षांपूर्वी काय लिहिलं, कुठे भाषण दिलं, हे त्यात कधीच येत नाही. मर्मेड्सच्या त्या ट्रस्टीचं डीबीएस शंभर वेळा काढलं असतं तरी कोरंच आलं असतं. त्यासाठी नाव टाकून तासभर शोध घ्यावा लागतो: लेख, शोधनिबंध, परिषदांचे कार्यक्रम, जुनी सोशल मीडिया खाती. शिवाय दोन संदर्भपत्रं, त्यातलं एक मुलांच्या क्षेत्रातलं, आणि फोनवर पडताळलेलं. तुम्हाला ट्रस्टी करून घेताना संस्था तुमच्याबद्दल हे करते का ते बघा. चहावर गप्पा मारून 'पुढच्या मीटिंगला या' म्हणाले, तर तुमच्याआधीचेही असेच आलेले असणार.

आता डेटा, कारण तिथे तुमचा हात बसलेला आहे. मर्मेड्सवरचा दुसरा ठपका याच बाबतीतला होता आणि तो 2022 च्या आधीचा. ऑगस्ट 2016 ते जुलै 2017 या काळात वापरलेल्या एका ईमेल समूहाची सेटिंग्ज अशी होती की समूह सेवेच्या यादीत दिसत होता आणि त्यातले संदेश कुणालाही वाचता येत होते. समूह वापरातून गेला, पण बंद झाला नाही. सुमारे 780 पानांचा गोपनीय मजकूर जवळजवळ तीन वर्षं इंटरनेटवर पडून राहिला. त्यात 550 लोकांची माहिती होती, आणि काहींच्या बाबतीत त्यांची मानसिक अवस्थाही. हे लक्षात आलं जून 2019 मध्ये. जुलै 2021 मध्ये डेटा-संरक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या माहिती आयुक्तांनी 25,000 पौंडांचा दंड केला. मूळ चूक एका ड्रॉपडाउनची. कुणीतरी घाईत समूह बनवला, दुसऱ्या कुणीतरी सोडून दिला, आणि मालक कुणीच नव्हता.

म्हणून पहिल्याच महिन्यात एक तक्ता मागा: मुलांची माहिती कुठल्या-कुठल्या ठिकाणी आहे, प्रत्येकाचा जबाबदार माणूस कोण, कुणाकुणाला आत जाता येतं. ईमेल, फोरम, हेल्पलाइनचं सॉफ्टवेअर, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, नोंदणीचे ऑनलाइन फॉर्म, आणि सगळ्यांत धोक्याची म्हणजे स्वयंसेवकांच्या स्वतःच्या लॅपटॉपवरची एक्सेल शीट. निघून गेलेल्या स्वयंसेवकांची खाती जवळजवळ नेहमी चालूच सापडतात. दर तीन महिन्यांनी ही यादी छाटायची. गळती झाली आणि तिने लोकांना धोका संभवत असेल, तर कळल्यापासून 72 तासांत माहिती आयुक्तांना कळवावं लागतं. शुक्रवारी संध्याकाळी कळलं तरी घड्याळ शनिवार-रविवार थांबत नाही. तेव्हा सुट्टीच्या दिवशी कुणाला फोन करायचा हे आधीच लिहून ठेवलेलं असावं.

आता बाइंडर. लोकांना वाटतं की भांडण कापडाच्या तुकड्यावर आहे. खरा प्रश्न आहे तो पालकांपासून काय लपवायचं आणि कधी.

बाइंडर छाती सपाट दिसावी म्हणून घालतात. माप चुकलं किंवा फार वेळ घातला तर दम लागणं, बरगड्या आणि पाठ दुखणं, त्वचेवर घट्टे आणि व्रण हे होतं. नेहमीचा सल्ला असतो की दिवसात आठ तासांपेक्षा जास्त नको, झोपताना नको, व्यायामात नको. बाइंडर देणाऱ्यांचा युक्तिवाद असा: आम्ही दिला नाही तर मूल क्रेप बँडेज किंवा चिकटपट्टी गुंडाळेल, आणि ते कितीतरी वाईट. हे खरं आहे. उलट बाजूचं म्हणणं: घरात कुणाला माहीतच नसेल तर बारा-बारा तास घालून मूल दमतंय, धापा टाकतंय, हे बघणार कोण? हेही खरं आहे. पोस्टाने पाठवणारी संस्था माप घेताना समोर नसते आणि आठवड्यानंतर त्वचा बघायलाही नसते. माझं मत विचाराल तर, 16 वर्षांखालच्या मुलाला पालकांच्या नकळत पार्सल पाठवणं छोट्या संस्थेला पेलणारं काम नाही. नंतरची देखरेख तिच्या हातात नसते. चूक झाली तर मूल एकटं असतं. मर्मेड्समध्येही ती सेवा पुढे थांबलीच.

इथे कुणीतरी 'गिलिक' हा शब्द काढेल. 1985 साली गिलिक खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, निर्णय दिला की 16 वर्षांखालच्या मुलाला उपचार पुरेसे समजत असतील तर पालकांशिवाय त्याची संमती वैध ठरू शकते. तो खटला डॉक्टरांनी गर्भनिरोधाचा सल्ला देण्याबद्दलचा होता. समोर डॉक्टर आहे, तो प्रत्यक्ष पारखतो, त्याच्यावर व्यावसायिक जबाबदारी आहे, असं गृहीत धरलेलं आहे. चॅटवर तीन ओळी लिहून 'हे मूल गिलिकनुसार सक्षम आहे' असं स्वयंसेवकाने ठरवणं म्हणजे तो शब्द उसना घेणं. मुलाचं बोलणं गुप्त ठेवताना त्याची समज लक्षात घ्या, जरूर. पण फाइलमध्ये नुसतं 'गिलिक सक्षम' असा शिक्का दिसला, आणि का, कुणी पारखलं, कशावरून हे नसलं, तर मी ती नोंद धरत नाही.

मग पालकांना सांगायचं की नाही? हे परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ज्या धोरणात एकच उत्तर लिहिलंय ते धोरण चुकीचं आहे. 'नेहमी सांगू' म्हणणारी संस्था एखाद्या मुलाला घराबाहेर काढायला कारण होईल. 'कधीच सांगणार नाही' म्हणणारी संस्था आत्महत्येचा विचार करणाऱ्या मुलाच्या आईबापांना अंधारात ठेवेल. सुरुवात पालकांना सोबत घेण्यापासून करायची, आणि तसं न करण्याचं कारण त्या-त्या मुलापुरतं लिहायचं. 'मी ट्रान्स आहे हे घरी सांगू नका' एवढ्यावरून बाल-संरक्षणाचं प्रकरण होत नाही. ते मुलाचं खासगी आहे. पण मारहाण, उपासमार, कोंडून ठेवणं, स्वतःला इजा, घर सोडून जायचा बेत, ऑनलाइन भेटलेला मोठा 'मित्र' यातलं काही आलं की गुप्ततेची मर्यादा संपते. ही मर्यादा मुलाला पहिल्याच संभाषणात सांगितलेली हवी. नंतर सांगितली की त्याला दगा वाटतो, आणि ते परत येत नाही.

नोंद कशी दिसावी ते दाखवतो. समजा 15 वर्षांच्या मुलाने हेल्पलाइनवर लिहिलं. वाईट नोंद अशी: 'घरी सांगू नये. मुलाची इच्छा.' चांगली नोंद अशी: 'मूल म्हणतं, वडिलांनी फोन तपासून मेसेज वाचले तर उन्हाळ्यात भारतात पाठवतील. यापूर्वी एकदा पासपोर्ट काढून घेतला होता. आईला बहुधा माहीत आहे, खात्री नाही. आज मारहाण नाही, स्वतःला इजा करण्याचा विचार विचारला, नाही म्हणालं. पालकांशी संपर्क नाही, कारण वर. सेफगार्डिंग लीडशी 16:40 ला बोललो, दोघांचं मत: चिल्ड्रन्स सर्व्हिसेसला आजच कळवायचं. कळवलं 17:05. पुन्हा आढावा शुक्रवारी.' दोन मिनिटांचं लिखाण आहे. यात मुलाचे शब्द वेगळे, स्वयंसेवकाचा अंदाज वेगळा, निर्णय, वेळ, दुसरं माणूस आणि पुढची तारीख आहे. चिल्ड्रन्स सर्व्हिसेसला, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या बालसेवा विभागाला, रेफरल मिळाल्यावर एका कामाच्या दिवसात पुढे काय करायचं ते तिथल्या सोशल वर्करने ठरवायचं असतं. उत्तर आलं नाही तर पाठपुरावा संस्थेने करायचा.

वरच्या उदाहरणात भारत मुद्दाम घातला. आपल्या दक्षिण आशियाई घरांत 'लग्न झालं की ताळ्यावर येईल' किंवा 'गावी नेऊन बाबाला दाखवू' हा धोका इथल्या गोऱ्या स्वयंसेवकाला सहसा सुचत नाही. जबरदस्तीच्या लग्नाच्या कामात इथे 'एकच संधी'चा नियम पाळतात: मूल मदत मागतं ती वेळ कदाचित एकदाच येते, आणि घरी फोन करून मध्यस्थी करायला गेलात की ती गेली. अशा वेळी कुटुंबाला कळवायचं नाही, पोलीस किंवा सरकारच्या फोर्स्ड मॅरेज युनिटला कळवायचं. आणि एक बारीक गोष्ट, जी तुम्ही ट्रस्टी झालात तर तुम्हीच सांगू शकाल: दुभाषी आपल्याच मंडळातला घेऊ नये. ज्या गावात गणपतीला सगळे मराठी लोक एकाच हॉलमध्ये जमतात, तिथे 'ओळखीच्या काकूंनी भाषांतर केलं' याचा अर्थ बातमी आरतीच्या आधी फिरली. फोनवरचा, दुसऱ्या शहरातला व्यावसायिक दुभाषी घ्यायचा. घरी पत्र किंवा पार्सल पाठवतानाही पाकिटावर संस्थेचं नाव नको.

ऑनलाइन फोरम असेल तर त्यावर वेगळा वेळ घालवा. वयोगट वेगळे हवेत: 12 वर्षांचं मूल आणि 19 वर्षांचा तरुण एका खोलीत नकोत. सदस्यांना एकमेकांना खासगी मेसेज पाठवता येत असेल, तर ती सोय बंद करायला सांगा. गैरवापर खुल्या फोरमवर क्वचित घडतो. तिथे ओळख होते आणि 'डिस्कॉर्डवर ये' म्हणून मूल बाहेर नेलं जातं. म्हणून दुसऱ्या अ‍ॅपची नावं, फोन नंबर, शाळेचं नाव यावर आपोआप अडवणारा फिल्टर हवा. मॉडरेटर नसतील त्या वेळेत पोस्ट लगेच दिसू नयेत. रात्री दोनला आलेलं 'मला जगायचं नाही' सकाळी नऊपर्यंत कुणी वाचलं नाही, ही सगळ्यांत सामान्य चूक. रात्री फोरम बंद ठेवा आणि पडद्यावर चाइल्डलाइनचा 0800 1111 आणि समॅरिटन्सचा 116 123 ठळक दाखवा. कायद्याचीही बाजू आहे. 2023 च्या ऑनलाइन सेफ्टी अ‍ॅक्टखाली अशा फोरमनाही धोक्याचं मूल्यमापन लिहून ठेवावं लागतं. बेकायदा मजकुराबद्दलचं मार्च 2025 पर्यंत व्हायला हवं होतं, आणि मुलांच्या सुरक्षेचे नियम जुलै 2025 पासून लागू आहेत. 'आम्ही तर छोटे' ही सबब या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या ऑफकॉमपुढे चालत नाही.

संस्था काय बोलते, हेही सेफगार्डिंगच. वेबसाइट वाचा. प्यूबर्टी ब्लॉकरबद्दल, म्हणजे वयात येणं थांबवणाऱ्या औषधांबद्दल, 'पूर्ण सुरक्षित, कधीही थांबवता येतात' असं अजून लिहिलेलं असेल तर ती पानं जुनी आहेत. एप्रिल 2024 च्या कॅस अहवालाने, म्हणजे इंग्लंडमधल्या मुलांच्या लिंगविषयक आरोग्यसेवेच्या स्वतंत्र आढाव्याने, त्यांच्यामागचा पुरावा कमकुवत असल्याचं सांगितलं, आणि डिसेंबर 2024 मध्ये 18 वर्षांखालच्यांना लिंगविषयक कारणासाठी ते खासगी प्रिस्क्रिप्शनवर देण्यावरची बंदी अनिश्चित काळासाठी झाली. अहवाल पटो न पटो, ट्रान्स संघटनांनी त्यावर केलेली टीका तुम्हाला योग्य वाटो, पान तरी आजच्या कायद्याशी जुळलेलं हवं. दुसरं म्हणजे 'औषध नाही मिळालं तर मुलं जीव देतील' ही भाषा. आत्महत्या प्रतिबंधाचे सरकारचे सल्लागार प्रा. लुई अ‍ॅपलबी यांनी जुलै 2024 मध्ये आकडे तपासून सांगितलं की मोठी वाढ झाल्याच्या दाव्याला आधार नाही, आणि अशा प्रकारे बोलणं स्वतःच धोक्याचं आहे. ट्रान्स मुलांमध्ये मानसिक त्रासाचं प्रमाण जास्त असतं यात शंका नाही. म्हणूनच त्या मुलांच्या डोळ्यांपुढे ते एकच दार आहे असं पोस्टर लावू नये.

पुण्या-मुंबईतून वाचणाऱ्यांसाठी एवढंच: हे जसंच्या तसं उचलू नका. पोक्सोच्या कलम 19 नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रत्येकावर ती कळवायची सक्ती आहे, न कळवणं कलम 21 खाली गुन्हा आहे, आणि संस्थाप्रमुखाला शिक्षा जास्त आहे. घरातून निघून आलेल्या 16 वर्षांच्या मुलाला रात्रभर आसरा दिलात, तर बाल न्याय कायद्यानुसार 24 तासांत 1098 ही बाल हेल्पलाइन, पोलीस किंवा बालकल्याण समितीला कळवावं लागतं. 'आमच्या गुरूकडे सुखरूप आहे' हे उत्तर पुरत नाही.

आता तुम्ही काय मागायचं ते. शेवटच्या चार बोर्ड मीटिंगांची इतिवृत्तं मागा आणि बघा, सेफगार्डिंग प्रत्येक वेळी विषयपत्रिकेवर आहे का, आणि त्याखाली आकडे आहेत की 'काही विशेष नाही'. मुलांबरोबर काम करणाऱ्या संस्थेत वर्षभर काही विशेष नसेल तर कुणी बघत नाहीये. सेफगार्डिंग लीड कोण, आणि ती व्यक्ती रजेवर असताना कोण, हे दोन नावांत सांगता आलं पाहिजे. कर्मचारी किंवा स्वयंसेवकाविरुद्ध मुलाबाबत तक्रार आली तर एका कामाच्या दिवसात स्थानिक प्रशासनाच्या नेमलेल्या अधिकाऱ्याला, म्हणजे लाडोला, कळवायचं असतं. शेवटचं केव्हा कळवलं ते विचारा. गंभीर घटना चॅरिटी कमिशनला स्वतःहून कळवण्याची पद्धत आहे का, आणि मुख्य अधिकाऱ्याविरुद्धच तक्रार असेल तर ती कुणाकडे जाते, हेही. शेवटच्या प्रश्नावर लोक गप्प होतात, आणि त्या गप्प बसण्यातून बरंच कळतं. धोरणाची तारीख बघा. 'वर्किंग टुगेदर' या सरकारी मार्गदर्शिकेची आवृत्ती डिसेंबर 2023 मध्ये बदलली. तुमच्यापुढचं धोरण 2018 चीच आवृत्ती सांगत असेल तर ते कुणी उघडलेलं नाही.

घरातल्या शंकेबद्दल. त्यांना भीती बहुतेक पैशांची आणि नावाची असेल. चॅरिटी कमिशनच्या ऑनलाइन रजिस्टरवर संस्थेचा प्रकार बघा. सीआयओ, म्हणजे स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व असलेली चॅरिटी, किंवा गॅरंटी कंपनी असेल तर संस्थेची देणी सहसा तुमच्या घरापर्यंत येत नाहीत. नुसती ट्रस्ट किंवा असोसिएशन असेल तर येऊ शकतात. ट्रस्टी विमा आहे का आणि त्यात अत्याचाराचे दावे वगळलेत का, ते पॉलिसीच्या अपवादांच्या पानावर वाचा. नावाचं म्हणाल तर विषयच असा आहे की कुणीतरी ट्विट करणारच. त्याला इलाज नाही.

लगेच होकार देऊ नका. आधी एका बोर्ड मीटिंगला निरीक्षक म्हणून बसता येईल का विचारा, आणि सेफगार्डिंगच्या मुद्द्यावर किती मिनिटं जातात ते घड्याळात बघा.